भिंतीपलीकडची तिपानी

उभा जन्म माझा पोस्टातल्या पार्सलच्या खिडकीवर गेला. समोरच्याने खोकं पुढे सरकवलं की मी आधी खोक्याकडे बघायचीच नाही, माणसाकडे बघायची. ‘आत काय आहे?’ असं विचारल्यावर जो फाडकन ‘पुस्तकं’ म्हणतो, त्याच्या खोक्यात हमखास बाटली असते. जो आधी डोकं खाजवतो, बायकोला फोन लावू का म्हणतो, त्याच्या खोक्यात खरोखरच स्वेटर निघतो. नोकरी संपली, पण ही सवय काही निवृत्त झाली नाही. भाजीवाल्यापासून जावयापर्यंत सगळे माझ्या खिडकीसमोर उभे असतात, फक्त त्यांना ते माहीत नसतं.

त्यामुळे त्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना भिंतीपलीकडे सहज नजर गेली आणि नर्सबाईंच्या अंगणात मला आमची तिपानी फुललेली दिसली, तेव्हा मनात शंकेची पाल चुकचुकली म्हणणं फारच सौम्य होईल. पालींचं अख्खं खानदान चुकचुकलं.

तिपानी म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, एका फुलावरून ही बाई एवढी का पेटली. हे मूळचं जंगलातलं फूल. दाट झाडांच्या सावलीत, कुजलेल्या पालापाचोळ्यातून दरवर्षी त्याच जागी वर येतं. एक देठ, देठावर तीन पानं आणि पानांच्या मधोमध तीन पाकळ्यांचं पांढरंशुभ्र फूल. जुनं होत गेलं की हळूहळू गुलाबी होतं. पुस्तकात त्याला भलंमोठं नाव असेल, आमच्या घरात तिपानीच. आमचं लग्न नवं होतं तेव्हा जंगलातून रस्ता काढायचं काम चाललं होतं. यंत्राने उकरून टाकलेल्या ढिगाऱ्यात ह्यांना एक मुळी दिसली. हे म्हणजे माझे यजमान. ती मुळी ओल्या रुमालात गुंडाळून, बसमध्ये तान्ह्या बाळासारखी मांडीवर धरून ह्यांनी आणली आणि मागच्या मोठ्या झाडाखाली लावली. आता तिथे चांगला ऐसपैस ताटवा झालाय.

त्या ताटव्याचे ह्यांनी दोन नियम केले होते. पहिला, मुळी कुणाला द्यायची नाही. कुणाला म्हणजे कुणालाच नाही. माझ्या सख्ख्या बहिणीने तोंड उघडून मागितली तर म्हणाले, ‘हलवली की रुसते ती. फोटो काढून ने हवं तर.’ बहीण वर्षभर फुगून बसली होती. दुसरा नियम, बी धरू द्यायचं नाही. बी धरण्यात मुळीची ताकद जाते म्हणे. त्यामुळे फूल कोमेजलं की हे चिमटा घेऊन बसायचे आणि पानांना धक्का न लावता नेमकं तेवढंच फूल खुडायचे. हे चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे ना, त्यामुळे बारीक काम म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. शिवाय बी रुजलंच तरी त्याला फूल यायला सात-आठ वर्षं लागतात, हेही ह्यांनीच मला केव्हातरी सांगितलेलं.

म्हणजे सगळं उघड होतं. बी नाही, तर मुळीच गेली. मुळीला पाय नाहीत, तेव्हा कुणीतरी दिली. घरात माणसं दोन. मी दिली नव्हती.

भिंतीपलीकडे राहते ती हॉस्पिटलात नर्स आहे. चाळिशीची, एकटी, बोलायला गोड. मला काकू म्हणते, ह्यांना काका. तिच्या चष्म्याचा स्क्रू वरचेवर ढिला व्हायचा आणि हे भिंतीवरून हात लांब करून तो घट्ट करून द्यायचे. इतकी वर्षं मला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. पण आता त्या स्क्रूचाही संशय यायला लागला. एवढा सारखा ढिला होतोच कसा?

आता तुम्हाला वाटेल, म्हातारपणी हिला नवऱ्याबद्दल नको नको ते सुचतंय. तसं नव्हतं हो. ह्यांचा तेवढा उरकच नाही. मला टोचत होतं ते निराळंच. माझ्या पाठीमागे एक गोष्ट झाली आणि त्यानंतर रोज माझ्यासमोर बसून चहा पिताना हा माणूस मूग गिळून गप्प राहिला. एक लपवलं तर आणखी काय काय लपवलं असेल? मला फूल नको होतं, की फुलाची किंमत नको होती. आपला नवरा आपल्याशी खोटं बोलतो की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं.

चहा ओतता ओतता विचारलं, ‘नर्सबाईंकडे काय फुललंय बघितलंत?’

‘काय?’

‘तिपानी.’

ह्यांचा कप तोंडाशी नेता नेता थांबला. मी टक लावून बघत होते. हे उठले, चप्पल न घालता तसेच मागे गेले आणि टाचा उंचावून भिंतीवरून डोकावले. परत आले ते चेहरा नुसता उजळलेला!

‘अगं, खरंच की! आणि काय सुरेख आलीय!’

आनंद बघा! चोरी उघडी पडल्यावर कुणाला आनंद होतो का? मुरलेला असेल तर होतो.

‘कुणी दिली तिला?’

‘मला काय माहीत?’

‘तुम्ही दिलीत?’

‘छे. मी नाही दिली.’

‘मी नाही, तुम्ही नाही. मग काय भुताने नेऊन लावली?’

‘मी दिली नाही गं,’ हे म्हणाले आणि चहा प्यायला लागले, जणू विषय संपला.

विषय कुठला संपतोय! हे आंघोळीला गेल्याबरोबर मी खुरपं तपासलं. माती ओली होती. पण ती आदल्या दिवशीची असणार, ह्यांनी कुंड्या उकरल्या होत्या. मग ताटव्याशी उकिडवी बसले आणि एकेक देठ बघत गेले. आणि सापडलं! भिंतीच्या बाजूला हातभर जागा रिकामी होती. बरोबर कुणीतरी मुळी काढून नेल्यासारखी.

हे डोकं पुसत बाहेर आले. मी नुसतं बोट दाखवलं.

‘तिथे खाली दगड आहे,’ हे म्हणाले. ‘तिथे पहिल्यापासूनच येत नाही.’

कसं फाडकन उत्तर आलं! मी काठी खुपसून बघितली. दगड लागला. बरं, दगड तर दगड. दगड आहे म्हणून दुसरीकडची मुळी दिली नसेल असं थोडंच आहे?

दुपारी नर्सबाई ड्यूटीवरून आल्या तशी मी भिंतीपाशी गेले. आवाजात साखर घोळून म्हटलं, ‘काय गं, तुझ्याकडे छान फूल आलंय. कुठून आणलंस?’

‘काकू, मी नाही आणलं. आपोआपच आलं.’

‘आपोआप?’

‘हो ना. आधी बरीच वर्षं तिथे नुसतं एक बारकं पान यायचं. मला वाटलं, रान आहे. उपटणार होते, पण राहूनच गेलं. मग तीन पानं यायला लागली आणि यंदा बघते तर फूल! तुमच्याकडचंच आहे ना हे? हवं असेल तर काढून देते तुम्हाला.’

अहाहा, काय ते औदार्य! आणि गोष्ट कशी घडीबंद! आधी एक पान, मग तीन, मग फूल. बीपासून आलेलं झाड असंच वाढतं, हेही ह्यांनीच मला सांगितलं होतं. मग तिलाही ह्यांनीच पढवलं असणार, दुसरं कोण आहे? कुठेतरी पाणी मुरत होतं आणि ते आमच्याच भिंतीत.

रात्री लेकीला फोन केला. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, ‘आई, बाबा खोटं बोलले की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. झाल्या होत्या का?’

‘नाही.’

‘मग झालं तर!’

‘मग काय झालं? सराव झाला असेल.’

‘आई, तू ना कमाल आहेस,’ ती म्हणाली. कमाल माझी नव्हती, पण लेक बापाचीच बाजू घेणार.

पुढचे काही दिवस मी डोळ्यांत तेल घालून होते. हे मागे गेले की मीही काहीतरी काम काढून मागे. एकदा नर्सबाईंनी भिंतीवरून हाक मारली, ‘काका, जरा हा स्क्रू...’ आणि माझा ताबाच सुटला. चांगला गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, ‘स्क्रू ह्यापुढे दुकानात नेऊन घट्ट करून घ्यायचा! आणि आमच्या घरचं काय काय तुझ्याकडे पोचलंय, तेही एकदा सांगून टाक!’

तिचा चेहरा पडला. चष्मा हातात तसाच. माझ्या मागे हे पाण्याची बादली घेऊन उभे होते, ते मला दिसलंच नव्हतं.

संध्याकाळी हे शर्ट बदलून बाहेर पडले. मी पडद्याआडून बघत होते. सरळ तिच्या दारात! आत गेले नाहीत, पायरीवरच उभे राहून, मान खाली घालून काहीतरी बोलले आणि परत आले.

‘कशाला गेला होतात?’

‘माफी मागायला.’

‘कसली माफी?’

‘तू बोललीस त्याची.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुन्हा ह्यांचा आणि माफी माझ्या नावाने! मी म्हटलं, ‘आता बास झालं. एक तर खरं काय ते सांगा, नाहीतर मी लेकीकडे जाते. चार दिवसांसाठी नाही, कायमची.’

‘खरं सांगितलंय मी.’

‘मग पुरावा द्या.’

‘न दिलेल्या वस्तूचा पुरावा कसा देऊ?’ हे म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. ‘इतकी वर्षं बरोबर राहिलीस. मी नाही म्हणतोय, ते पुरे नाही का?’

‘नाही,’ मी म्हटलं.

ह्यांनी आत जाऊन गादीची वळकटी केली आणि बाहेरच्या खोलीत नेऊन टाकली. मी अडवलं नाही. मला तर तो कबुलीजबाबच वाटला.

लेकीच्या घरी रंगकाम चाललं होतं. ते उरकलं की मी यायचं, असं ठरलं. तिने खूप समजावलं, पण मी हटूनच बसले होते. तोवर घरात बोलणं म्हणजे ‘गॅस संपत आलाय’ आणि ‘वीजवाला येऊन गेला’ एवढंच. हे दिवसभर पुढच्या ओट्यावर पेपर घेऊन बसायचे. मागच्या अंगणात पाऊलसुद्धा टाकायचे नाहीत. तिपानीची फुलं पांढरी होती ती गुलाबी झाली, गुलाबी होती ती मरगळली, पण ह्यांचा चिमटा काही खणातून बाहेर आला नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी मनात म्हटलं, त्या फुलांना तोंड दाखवायची लाज वाटत असणार! फुलांच्या जागी हिरव्या बोंडांचा आकार दिसायला लागला. मी तिकडे ढुंकूनही बघितलं नाही. मला काय त्याचं?

उन्हाळा चांगला तापला. लेकीचा फोन आला, रंग वाळला, ये. मी बॅग भरली. निघायच्या आदल्या दिवशी शेवटचे कपडे धुऊन मागे वाळत घातले आणि पाय दुखायला लागले म्हणून झाडाखालच्या दगडावर टेकले. बरं वाटत नव्हतं मला. खोटं कशाला बोलू, रडू येत होतं. हे घर, हे झाड, आणि पुढे ओट्यावर बसलेला तो माणूस, सगळं सोडून जायचं होतं आणि कुणी थांब म्हणत नव्हतं.

पायाशी बघितलं तर मुंग्यांची रांग. मुंग्या काय, असतातच. पण ह्या मुंग्यांच्या तोंडात काहीतरी होतं. वाकून बघितलं. तिपानीची बोंडं तडकली होती आणि आतून तांबूस दाणे मातीत सांडले होते. प्रत्येक दाण्याला एक पांढरं, तेलकट टोक. मुंग्या त्या टोकाला धरून दाणा ओढत होत्या. एकटीला झेपला नाही की दुसरी येऊन हात लावायची. दगडाला वळसा घालून, झाडाच्या मुळावर चढून, उतरून, सगळी वरात निघाली होती ती थेट भिंतीकडे. भिंतीच्या तळाशी दोन विटांमधला चुना पडून फट झालीय. एकेक दाणा त्या फटीतून पलीकडे जात होता.

मी ती कपड्यांची बादली उपडी केली, तिच्यावर चढले आणि भिंतीवरून डोकावले. पलीकडे फटीतून रांग बाहेर पडत होती आणि नर्सबाईंच्या तिपानीशेजारी एक फुटकी कुंडी पालथी पडलीय, तिच्याखाली जात होती. कुंडीच्या कडेला दाण्यांचा ढीग होता. पांढरं टोक खाऊन फेकून दिलेले कोरडे दाणे. आणि त्या ढिगाभोवती बोटभर उंचीची पानं. एकेकटी. एकेक पान, रांगत आलेल्या पोरांसारखी इकडे तिकडे.

मी बादलीवरच उभी राहिले. ह्यांचा पाय मोडला होता ते वर्ष मला आठवलं. फुलांचे सगळे दिवस हे पलंगावर प्लास्टरमध्ये होते आणि माझी दवाखाना, पोस्ट, घर अशी त्रेधा चालली होती. तेव्हा फुलं खुडायला कुणाला फुरसत होती? त्याला आता आठेक वर्षं होत आली. त्याच बियांतलं एक रोप यंदा फुललं, बाकीची अजून एका पानावरच अडली होती.

मुंग्यांनी नेली! देवा, मुंग्यांनी नेली! कुणी कुणाला काही दिलं नव्हतं. मी एकटीच मोठ्याने हसले. छातीवरचा धोंडा असा गडगडत खाली गेला म्हणून सांगू! माझा नवरा माझ्याशी खोटं बोलला नव्हता. पुढच्या दारापर्यंत मी अक्षरशः पळत गेले.

‘अहो! अहो, आधी उठा! मागे चला!’

‘काय झालं?’ हे घाबरून उठले. मी हाताला धरून ओढतच नेलं आणि रांगेपाशी बसवलं. ह्यांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं. दुकान सुटलं तरी भिंग काही सुटलेलं नाही.

‘अगं, हे बघ!’ हे म्हणाले. ‘हे पांढरं बघितलंस? ह्याच्यासाठी चाललीय ही सगळी ओढाताण. बी नकोच आहे त्यांना. आणि ही बघ, ही उलटी चालतेय!’

‘पलीकडे ढीग घातलाय नुसता,’ मी म्हटलं. ‘आणि बारकी बारकी पानं आलीत.’

‘हो? खरंच?’

‘बादलीवर चढून बघितलं मी.’

‘पडली असतीस की,’ हे म्हणाले.

आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून बसलो होतो, कित्येक दिवसांनी. ह्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. मी एक मुंगी बघितली, तिचे केसभर पाय बघितले आणि मला इतकं बरं वाटत होतं की बोलल्याशिवाय राहवेना.

‘म्हणजे तुम्ही नव्हतीच दिली!’

हे माझ्याकडे बघायला लागले. मघाचं हसू होतं ते विरत विरत गेलं.

‘मी सांगितलं होतं तुला.’

‘हो, पण आता कळलं ना मला.’

‘मी सांगितलं तेव्हा नव्हतं कळलं?’

‘अहो, पण पुरावा नको का माणसाला?’

‘मुंग्यांचं पटलं तुला,’ हे म्हणाले. चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. मी दोन शब्द बोलले असते, त्यांनी दोन ऐकवले असते आणि मिटलं असतं.

मी घाईघाईने म्हटलं, ‘जाऊ द्या ना आता. मी बॅग उघडते. लेकीला फोन करते, येत नाही म्हणून सांगते. नर्सबाईंकडे तर आत्ता जाते, पाय धरते तिचे. सगळं चुकलं माझं. तुम्ही तेवढी गादी आत आणा.’

हे गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले.

‘आणि मुंग्या दिसल्या नसत्या तर?’

मी तोंड उघडलं. आयुष्यात कधी उत्तरासाठी अडले नव्हते मी. ‘तरी विश्वास ठेवला असता’ म्हणावं तर खोटं, ‘नसता ठेवला’ म्हणावं तर जीभ रेटेना. हे तिथेच उभे होते. टोमणा मारायला विचारलेलं नव्हतं त्यांनी, त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. मग भिंग पुसून खिशात ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत निघून गेले.